आरशातले शरीर आणि कापसाचे खांदे

वाचकाचे पत्र, थोडक्यात

धुळे जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून चोवीस वर्षांच्या एका तरुणीने हे पत्र पाठवले आहे. चित्रकलेची पदविका पूर्ण करून ती आता घरीच काम करते, आणि तिचा विषय मानवी शरीर हा आहे. आई हंगामात जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यात, कामाला जाते. आईची मान, दंड आणि पाठ यांची वास्तववादी अभ्यासचित्रे तिने दोन वर्षे केली. मॉडेल मिळत नसल्याने खोलीचे दार लावून आरशासमोर स्वतःच्या अनावृत शरीराची चारकोलमधली रेखाटने आणि त्यांवरून एक तैलचित्रही तिने केले. ती वही मोठ्या भावाच्या हाती लागली. भाऊ संतापला, वडिलांनी बोलणे सोडले. आईने मात्र चित्राकडे बराच वेळ पाहून 'हाई तूच शे का?' एवढेच विचारले आणि ती आत निघून गेली. त्यानंतर या तरुणीने शरीरे बदलायला सुरुवात केली. छातीच्या जागी कापसाची बोंडे आली, मांड्यांच्या जागी केळीचे खांब आले, चेहऱ्याच्या जागी बंद खिडकी आली. 'चित्र अतिवास्तववादी असले की कोणाला हरकत घेता येत नाही,' असे तिला वाटले. आता तिचे सर म्हणतात की ही पळवाट आहे, तुझे बळ हुबेहूब रेखाटनात आहे. पुण्यात शिकणाऱ्या मैत्रिणी म्हणतात की मोबाइलच्या काळात हुबेहूब चित्राला अर्थ उरलेला नाही. घरचे म्हणतात, एटीडी (कलाशिक्षकाची पदविका) करून शाळेत लाग आणि निसर्गचित्रे काढ. दोन महिन्यांनी जळगावात एका समूह प्रदर्शनात तिला चार चित्रे द्यायची आहेत. कोणती वाट धरावी आणि कोणती चित्रे द्यावीत, असे तिने विचारले आहे.

उत्तर

सप्रेम नमस्कार.

वास्तववाद, म्हणजे दिसते तसे रंगवणे, की अतिवास्तववाद, म्हणजे ओळखीच्या वस्तूंना स्वप्नासारखे अनपेक्षित रूप देणे, असा तुमचा प्रश्न आहे. परंतु पत्रातली चित्रांची वर्णने लक्षपूर्वक वाचल्यावर मला तुमच्या कामातली फूट वेगळ्याच ठिकाणी दिसते. तुम्ही एका चित्राचा उल्लेख ओझरता केला आहे. जिनिंगमधून परतलेली आई ओट्यावर पाठमोरी बसली आहे आणि तिच्या खांद्यांवर कापूस चिकटलेला नसून तो खांद्यांतूनच उगवला आहे, असे ते चित्र. हे चित्र वही सापडण्याच्या आधीचे आहे, असेही तुम्ही जाता जाता लिहिले आहे. बोंडे, केळीचे खांब आणि खिडकी ही सगळी त्यानंतरची. म्हणजे शरीर बदलण्याची प्रेरणा तुम्हाला दोनदा झाली: एकदा आईकडे पाहताना आणि एकदा भावाला घाबरून. या दोन्ही प्रकारच्या चित्रांना तुम्ही एकच नाव दिले, म्हणून सरांचे बोलणे अर्धे पटते आणि अर्धे जिव्हारी लागते, अशी तुमची अवस्था झाली असावी.

आईच्या चित्रात कापूस का उगवला, याचे कारण तुमच्या अभ्यासचित्रांत आहे. सहा-सात तास रुईच्या धुरळ्यात उभ्या राहिलेल्या बाईच्या घामेजल्या दंडावर बारीक तंतू बसतात, भुवया पांढुरक्या होतात, गळ्यातल्या पोतीच्या काळ्या मण्यांमध्ये कापूस अडकतो आणि घरी येऊन हातपाय धुतले तरी कानामागचा कापूस निघत नाही. ज्याने हे जवळून पाहिले आहे त्याच्या डोळ्यांना एखाद्या संध्याकाळी कापूस कुठे संपतो आणि आई कुठे सुरू होते हे कळेनासे होणे अगदी स्वाभाविक आहे. तुम्ही तेवढेच रंगवले. उलट छातीवर ठेवलेली बोंडे पाहणाऱ्याची नजर नेमकी तिथेच नेतात, कारण तिथे काहीतरी झाकले आहे हे ती ओरडून सांगतात. त्यामुळे तुम्हाला हवे असलेले संरक्षणही त्यांच्याकडून मिळत नाही.

केळीच्या खांबांविषयी थोडे अधिक सांगायला हवे, कारण तुम्हाला ती कल्पना स्वतःची आणि सुरक्षित वाटते आहे. मांडीला केळीच्या खांबाची उपमा ही आपल्याकडच्या शृंगारकाव्यातली फार जुनी उपमा आहे. 1914 मध्ये बंगालचे चित्रकार अवनींद्रनाथ ठाकूर यांनी भारतीय अंगरचनेविषयी लिहिले, तेव्हा मांडी केळीच्या खांबासारखी, गुडघा खेकड्याच्या कवचासारखा, धड गायीच्या मुखासारखे अशी परंपरेतली मापे त्यांनी आकृत्यांसह मांडली होती. म्हणजे जे झाकण म्हणून तुम्ही वापरले, ते शतकानुशतके शरीराचे कौतुक करण्यासाठी वापरले गेले आहे. त्यामुळे केळ टाकून द्या असे मी म्हणत नाही. तुमच्या गावाकडे केळीच्या बागा असतील तर आधी बागेत जाऊन खांब काढा. तो लाकडाचा नसतो. पानांच्या देठांचे एकावर एक गुंडाळलेले पदर म्हणजे खांब. कापला की त्यातून पाणी गळते आणि त्याचा डाग कपड्यावरून जात नाही. घड उतरवला की तोच खांब आडवा केला जातो आणि बुडाशी आलेले पील वाढू लागते. हे सगळे पाहून, हाताने रेखाटून झाल्यावरही एखाद्या बाईच्या शरीराशी त्याचे नाते तुम्हाला दिसले, तर ते चित्र वेगळेच होईल. शरीराच्या जागी जी वस्तू येणार, ती वस्तू शरीराइतकीच माहीत असली पाहिजे, अशी अट स्वतःला घाला. अतिवास्तव चित्रे काढणाऱ्या बहुतेक तरुण चित्रकारांचे काम याच ठिकाणी पातळ होते: शरीराचा अभ्यास पाच वर्षांचा असतो आणि त्याला जोडलेल्या घड्याळाचा, पक्ष्याचा किंवा खिडकीचा अभ्यास इंटरनेटवरच्या एका छायाचित्रापुरता असतो.

सर आणि मैत्रिणी यांच्या म्हणण्यात एक समान गृहीतक आहे. वास्तववाद आणि अतिवास्तववाद हे एकमेकांचे विरोधक असून एकाला निवडले की दुसरा सुटतो, असे दोघेही धरून चालले आहेत. फ्रेंच कवी आंद्रे ब्रेतों यांनी लिहिलेला अतिवास्तववादी चळवळीचा जाहीरनामा 1924 सालचा. त्या चळवळीत स्वैर आकार रंगवणारेही होते हे खरे, परंतु शरीर आणि वस्तू ओळखू येतील अशा ठेवून त्यांचे नाते बिघडवणारे जे चित्रकार होते, त्यांची ताकद हाताच्या शिस्तीत होती. साल्वादोर दालींच्या 1931 च्या चित्रातली वितळणारी घड्याळे मनात राहतात ती त्यांच्या काठांवरचा प्रकाश आणि मागचे कडे इतके काटेकोर रंगवले आहेत म्हणूनच. बेल्जियमचे चित्रकार रने मॅग्रित यांनी तर दुकानाच्या पाटीवरच्या चित्रासारखी साधी, शांत हाताळणी मुद्दाम ठेवली. आपल्याकडे कोलकात्याच्या विकाश भट्टाचार्यांनी 1970 च्या सुमारास बाहुल्यांची चित्रमालिका केली. त्यांतली भीती बाहुलीच्या कातडीवर पडलेल्या अगदी खऱ्या उजेडातून येते. तेव्हा तुमचा हात हेच तुमचे बळ आहे हे सरांचे म्हणणे खरे आहे, फक्त त्या हाताने कापूस खांद्यातून उगवू नये असा निष्कर्ष त्यातून निघत नाही.

मेक्सिकोच्या चित्रकर्त्या फ्रिदा काहलो यांचे उदाहरण तुमच्यासाठी मला सगळ्यांत जवळचे वाटते. 1925 मध्ये बसच्या अपघातात त्यांच्या पाठीच्या कण्याला गंभीर इजा झाली आणि पुढे आयुष्यभर शस्त्रक्रिया व कंबरपट्टे यांत त्यांचे शरीर अडकले. 1944 च्या एका आत्मचित्रात त्यांनी आपले धड मधोमध उघडे पडलेले दाखवले असून कण्याच्या जागी ठिकठिकाणी तडकलेला दगडी खांब उभा केला आहे. अंगभर खिळे रुतलेले आहेत आणि तोंडावर अश्रू आहेत. आपली चित्रे स्वप्नांची नसून आपल्या वास्तवाची आहेत, असे त्या सांगत आणि अतिवास्तववादी हे लेबल नाकारत. तो खांब शरीर झाकायला आलेला नाही. कण्याच्या वेदनेला याहून अचूक रूप त्यांना सापडले नाही, म्हणून तो तिथे आहे. तुमच्या प्रत्येक चित्राला हाच प्रश्न विचारून पाहा: इथे जे बदलले, ते न बदलता मला जे म्हणायचे होते ते म्हणता आले असते का? आले असते तर बदल काढून टाका.

मोबाइलमुळे हुबेहूब चित्र निरर्थक झाले, हे मैत्रिणींचे म्हणणे मला पटत नाही. मोबाइलचा कॅमेरा जवळून घेतलेल्या चेहऱ्यात नाक मोठे करतो, कान मागे ढकलतो आणि सावल्या उजळून टाकतो. कातडीचा खरा रंग तर तो आपल्या ठरावीक समजुतीप्रमाणे बदलूनच देतो. सावळ्या कातडीचा अभ्यास आजही डोळ्यांनीच करावा लागतो. तपकिरी रंगात पांढरा मिसळून उजळ भाग काढला की अंग राख फासल्यासारखे निस्तेज दिसते, हे तुम्हीही अनुभवले असेल. आपल्याकडच्या चैत्र-वैशाखातल्या दुपारी अंगणात बसलेल्या माणसाच्या कपाळावरचा उजेड नीट पाहा. तो पांढरा नसून आकाशाची निळसर झाक घेतलेला असतो, हनुवटीखाली मात्र तापलेल्या मातीचा तांबूस उजेड खालून वर येतो, आणि या दोहोंच्या मध्ये गालाच्या वळणावर हिरवट करडी पट्टी असते. हे पुस्तकातून कळत नाही.

अजिंठा तुम्ही शाळेच्या सहलीत पाहिला असेल. आता एकट्या जा, शक्यतो हिवाळ्यात आणि वही घेऊन. जळगावहून अंतर साधारण साठ किलोमीटर आहे, एसटीने फर्दापूरला उतरले की तिथून लेण्यांकडे वेगळी बस असते, सोमवारी लेणी बंद असतात. पहिल्या क्रमांकाच्या लेण्यातल्या पद्मपाणी बोधिसत्त्वाच्या खांद्यापासून बोटांपर्यंतची रेषा डोळ्यांनी खाली आणत जा. तिथे कोपराचे हाड नाही, दंडाचा स्नायू नाही, तरीही त्या हाताला वजन आहे. नाक, ओठ आणि हनुवटी यांच्यावर ठेवलेले उजेडाचे ठिपके पाहा, भिंतीवरचा गेरू आणि हिरवी माती एकमेकांना कशी तोलून धरतात ते पाहा. हे शरीर हुबेहूब नाही आणि स्वप्नातलेही नाही. पॅरिसमध्ये जिवंत मॉडेलवरून अनावृत देह रंगवायला शिकलेल्या अमृता शेरगिल 1936 मध्ये अजिंठ्याला येऊन गेल्या, आणि 1937 मधल्या त्यांच्या चित्रांतली माणसे बदलली. आकार सपाट व भरीव झाले, अंगांची वळणे सोपी झाली, कातडीचे रंग गडद झाले. तुमच्यापुढे दोनच वाटा आहेत असे तुम्ही समजता, आणि तिसरी वाट इतक्या वर्षांपासून तुमच्या शेजारच्या डोंगरात आहे.

मॉडेलचा प्रश्न लहान गावात खरोखरच अवघड आहे, आणि तुमच्यासारख्या अनेकींनी तो मला विचारला आहे. अनावृत शरीराशिवाय शरीराचा अभ्यास होत नाही ही समजूत आधी सैल करा. नऊवारी लुगडे नेसून कापूस वेचणाऱ्या बाईच्या कमरेचा बाक कापडातूनही पूर्ण कळतो. तालमीतले पैलवान, भर उन्हात पोती उचलणारे हमाल, दवाखान्याच्या बाकावर वाट पाहणारे म्हातारे यांची भरभर काढलेली रेखाटने अंगाचा तोल शिकवतात. हाडांच्या अभ्यासासाठी तुमच्या कलामहाविद्यालयाचे पत्र घेऊन धुळे किंवा जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील शरीररचनाशास्त्र विभागाला विचारा. सांगाड्यावरून रेखाटन करण्याची रीतसर परवानगी मागण्यात संकोच कशाला? अनावृत मॉडेलकडून काम करायचेच असेल तर चार-पाच चित्रकर्त्यांनी मिळून करा. मॉडेल अठरा वर्षांवरील असावी, वयाचा पुरावा पाहून घ्यावा. मोबदला, वेळ, विश्रांती आणि चित्र प्रदर्शित होणार की नाही हे आधी कागदावर लिहावे, आणि खोलीत कोणाचाही मोबाइल असू नये. ही शिस्त मॉडेलच्या मानासाठी आहे आणि तुमच्या संरक्षणासाठीही.

आता आरशासमोरच्या चित्राकडे येते. स्वतःचे शरीर रंगवण्यात तुमची काहीही चूक झालेली नाही. आरसा हा चित्रकाराचा सगळ्यांत जुना आणि सगळ्यांत सोशिक मॉडेल आहे. तुमच्या पत्रात मात्र एक वाक्य आहे की प्रामाणिक चित्रकाराने काहीच लपवता कामा नये. हे वाक्य तुम्ही तपासून पाहावे, अशी माझी विनंती आहे. चित्र काढणे हा एक निर्णय आहे आणि ते लोकांपुढे मांडणे हा दुसरा. पहिला निर्णय कोणालाही विचारायची गरज नाही. दुसऱ्या निर्णयात तुम्हाला त्याच गावात राहायचे आहे, त्याच एसटीने जायचे आहे, आणि चित्राचा फोटो एकदा मोबाइलवर फिरू लागला की तो परत घेता येत नाही, याचा विचार करणे हा भित्रेपणा नाही. ते चित्र पाच वर्षे भिंतीकडे तोंड करून ठेवले तरी त्याचा प्रामाणिकपणा कमी होत नाही.

भावाच्या संतापाचे समर्थन मी करणार नाही, त्याने परवानगीशिवाय तुमची वही उघडली. तरी त्याच्याशी बोलताना नेमके काय खटकले हे विचारा. अनावृत देह खटकला की त्यावरचा बहिणीचा ओळखू येणारा चेहरा खटकला, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि माझ्या अंदाजाने दुसरी अधिक खरी असेल. तसे असेल तर ती वही सगळ्यांपुढे जाणार नाही, एवढे आश्वासन तुम्ही त्याला देऊ शकता. रेखाटन थांबवण्याचे आश्वासन मात्र देऊ नका. आईने जे विचारले त्यात मला राग ऐकू येत नाही. तिने चित्राकडे बराच वेळ पाहिले आणि ही तूच आहेस का, असे विचारले. त्या प्रश्नाचे उत्तर तिला अजून मिळालेले नाही. भाऊ आणि वडील घरात नसताना तिच्याजवळ बसून आधी तिच्या हातांची चित्रे दाखवा, मग कापूस उगवलेल्या खांद्यांचे दाखवा. गावाकडच्या बाईला असली चित्रे कळणार नाहीत असे तुम्ही लिहिले आहे, ते मला मान्य नाही. श्रावणातल्या रविवारी ज्या घरात खानदेशची कानबाई देवी बसते, नारळाला नथ, दागिने आणि वस्त्र चढवून ज्या घरातल्या बायका त्याच्याकडे बाईचा चेहरा म्हणून पाहतात आणि दुसऱ्या दिवशी तिला डोक्यावर घेऊन नदीवर निरोप देतात, त्या घरातल्या आईला खांद्यातून उगवलेला कापूस समजावून सांगावा लागणार नाही. तिची परवानगी मात्र स्पष्ट शब्दांत घ्या. ती आई आहे म्हणून तिची पाठ आपोआप तुमच्या मालकीची होत नाही. ती नको म्हणाली तर ते चित्र जळगावला जाणार नाही, आणि हा निर्णय तुम्ही मनापासून पाळावा.

कायद्याची भीती तुम्ही दोन ठिकाणी व्यक्त केली आहे. चित्रकार अकबर पदमसी यांच्यावर 1954 मध्ये मुंबईच्या जहांगीर कलादालनातल्या एका चित्रावरून अश्लीलतेचा खटला झाला होता आणि न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरवले. पुढे त्याच पदमसींची आणि फ्रान्सिस न्यूटन सूझा यांची परदेशातून आणलेली सात चित्रे सीमाशुल्क विभागाने अश्लील म्हणून अडवून ठेवली, तेव्हा ऑक्टोबर 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती कारवाई रद्द केली. प्रत्येक नग्नचित्र अश्लील ठरत नाही, हा त्या निकालाचा गाभा आहे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 294 मध्येही कला, साहित्य, विज्ञान यांच्या हितासाठी असलेल्या चित्रांना अपवाद आहे. परंतु खटला जिंकेपर्यंतचा काळही आयुष्यातलाच असतो, म्हणून प्रदर्शनाच्या आयोजकांना तुमची चित्रे आधी दाखवा, आणि आक्षेप आला तर ते चित्र उतरवणार की पाठीशी उभे राहणार, हे त्यांच्याकडून लेखी घ्या.

एटीडीविषयी फार लिहीत नाही. शाळेची नोकरी मिळाली तर रंगांचा आणि कॅनव्हासचा खर्च भागतो, आणि मुलांना शिकवताना स्वतःचे रेखाटन पक्के होते. घरच्यांनी सुचवले म्हणून ती नाकारू नका, आणि त्यांना खूश करण्यासाठी स्वीकारूही नका.

जळगावसाठी चार चित्रे द्यायची आहेत. आईने होकार दिला तर कापसाच्या खांद्यांचे चित्र, आणि त्याच्या शेजारी तिच्या मानेचे व दंडांचे एकेक वास्तववादी अभ्यासचित्र लावा. तीन चित्रे एका रांगेत असली की कापूस कुठून आला हे पाहणाऱ्याला वाचता येईल. चौथी जागा केळीच्या खांबाच्या नव्या रेखाटनासाठी ठेवा, त्यात माणूस नसला तरी चालेल. आईने नकार दिला तर हमालांची आणि वेचणीची रेखाटने द्या. दोन महिन्यांत चार चांगली रेखाटने होऊ शकतात. बोंडांची आणि खिडकीची चित्रे तूर्त बाजूला ठेवा, फाडू मात्र नका, कारण त्यांतला रंगलेपनाचा भाग पुढे उपयोगी पडेल. चित्रांखाली शीर्षक, माध्यम आणि वर्ष लिहा. आईचे नाव लिहायचे की नाही, हे आईलाच विचारा.